एशमुरोद पहिलवानांचा चपान

जूनचा महिना, ऊन असं की अंगणातल्या कट्ट्यावर हात ठेववत नव्हता, आणि आमचे एशमुरोद पहिलवान कापूस भरलेला जाड चपान घालून, कंबरेला गाठ मारून बसले होते. आमच्या बोयसून गावात इतका जाड झगा माणसं जानेवारीत घालतात.

"अहो, आज पाहुणे येणार. आज तरी काढा तो!" बायको ओयसुलुव म्हणाली. "तुम्हाला बघूनच मला घाम फुटतो."

"थंडी वाजतेय."

"जूनमध्ये? दोन महिने झाले, हमामात अंघोळीला जाणं बंद, आखाड्यात पोरांना डाव शिकवणं बंद. झोपतानासुद्धा अंगात बंडी. लपवताय तरी काय?"

पहिलवानांनी गळपट्टी आणखी वर ओढली. सांगणार तरी काय बिचारा! हिवाळ्यात दोन गोळ्यांनी रक्तदाब उतरेना, म्हणून दवाखान्यातल्या डॉक्टर दिलफुझाने तिसरी गोळी वाढवली. रक्तदाब उतरला. पण वसंतात छाती दुखू लागली, मग दोन्हीकडे सुजली, इतकी की सदऱ्याचा स्पर्श सहन होईना. साठीला टेकलेला, जिल्हा गाजवलेला माणूस आरशासमोर उभा राहून रडला. "मी बाई होतोय की काय?" दिलफुझा शेजारच्या गल्लीतली, डोळ्यांदेखत वाढलेली पोर. तिच्यापुढे सदरा कसा काढायचा? शेवटी बारा दिवसांपूर्वी त्यांनी घरातल्या सगळ्याच गोळ्या कालव्यात फेकल्या आणि कुणाला कळू दिलं नाही. सूज होती तिथेच राहिली. वर आता डोकं ठणकायला लागलं.

आणि आज मुलीचा, झुलहुमोरचा, साखरपुडा होता. आमच्याकडे मोठ्यांनी दोन नान एकत्र धरून मोडले की सोयरीक पक्की. त्याआधी मुलाकडचा मोठा माणूस मुलीच्या बापाच्या अंगावरचा जुना चपान आपल्या हाताने उतरवतो, नवा घालतो, कंबर बांधतो आणि छातीला छाती लावून भेटतो. मुलाचे वडील हयात नव्हते, म्हणून नवा चपान घेऊन काका आला होता. तो काका म्हणजे नोरबुता! तरुणपणी एशमुरोदना तीनदा चीत करणारा पहिलवान.

"चल रे एश, काढ ती गोधडी!" नोरबुता हसत पुढे आला.

एशमुरोदनी गळपट्टी घट्ट धरली. "ह्याच्यावरूनच घाल."

सगळी बैठक त्यांच्याकडे बघू लागली. दस्तरखानावर, जेवणासाठी अंथरलेल्या कापडावर, दोन नान तसेच पडून होते.

"सोयरीक मान्य नसेल तर तोंडाने सांगा, पहिलवान," मुलाकडचे हयित आजोबा कडक आवाजात म्हणाले. "आम्ही चांगल्या मनाने आलोय."

दारात झुलहुमोर चहाची किटली घेऊन उभी होती. दोन वर्षं तिने या दिवसाची वाट पाहिली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. चपान सोडावा तर तीस माणसांसमोर शोभा, धरून ठेवावा तर पोरीचं लग्न मोडणार. एशमुरोद उठून आत जायला निघाले, तोच अंगण त्यांच्याभोवती फिरलं. नोरबुताने धावत जाऊन त्यांना छातीशी धरलं.

"आई गं!" पहिलवान कळवळले.

नोरबुताची मिठी एकदम सैल झाली. त्याने एशमुरोदकडे नीट पाहिलं. "पहिलवानांना जरा वारा लागू दे," असं म्हणून तो त्यांना गोठ्यामागे घेऊन गेला.

"छाती दुखते ना? दोन्हीकडे?"

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगतो कोण! मला झालं होतं. गेल्या वर्षी. तिसऱ्या गोळीनंतर. सात महिने हमामला गेलो नाही. बायकोला वाटलं, दुसरी ठेवलीय!"

एवढ्या संकटातही एशमुरोदना हसू आलं.

"शेवटी दिलफुझाला सांगितलं," नोरबुता म्हणाला. "पोर हसली नाही. आधी नीट तपासलं, मग म्हणाली, काका, या गोळीने काही थोड्या पुरुषांच्या शरीरातल्या हार्मोन्सचा तोल बिघडतो. क्वचित होतं, पण होतं. तिने गोळी बदलून दिली. हळूहळू उतरलं."

"मग मला का नाही बोललास?"

नोरबुताने मान खाली घातली. "तुला? तीनदा पाडलेल्या माणसाला? लाज वाटली रे. चुकलंच माझं. आता गोळ्या घेतोयस ना?"

"कालव्यात टाकल्या. सगळ्या."

"सगळ्या! अरे गाढवा!" नोरबुताने त्यांचे खांदे गच्च धरले. "माझा भाऊ कशाने गेला? गोळ्या मनानेच बंद केल्या आणि आठवड्यात डोक्यातली नस फुटली! म्हणून तर त्याच्या जागी आज मी आलोय. त्या पोराला आता सासराही मिळू देणार नाहीस?"

एशमुरोदनी डोळे पुसले. ते अंगणात परत आले, स्वतःच कंबरेची गाठ सोडली आणि चपान खाली टाकला. घामाने भिजलेला पातळ सदरा छातीला चिकटला होता. सगळ्यांना सगळं दिसलं.

"बघा!" पहिलवान म्हणाले. "रक्तदाबाच्या गोळीने असं झालं. मी लाजलो, डॉक्टरला सांगितलं नाही, गोळ्या फेकल्या. सोयरीक मला मान्य आहे. माझाच मूर्खपणा नडला."

मग हयित आजोबांनी घसा खाकरला.

"त्या गोळीचं नाव काय म्हणालास, पहिलवान?" त्यांनी हळूच विचारलं, आणि त्यांचा हात आपल्याच जाड चपानाच्या गळपट्टीवर गेला.

कुणीही हसलं नाही. नोरबुताने नवा चपान जपून चढवला आणि यावेळी छातीऐवजी खांद्याला खांदा लावून भेटला. नान मोडले. ओयसुलुवने पहिला तुकडा लेकीला भरवला आणि दुसरा, चार शब्द सुनावत, नवऱ्याला. त्याच दुपारी एका गाडीतून एशमुरोद आणि हयित आजोबा, दोघे म्हातारे, दिलफुझाकडे गेले. गाडी नोरबुता चालवत होता.

मित्रहो, औषधाने अंगात काही वेगळं दिसलं तर त्यात आपला दोष काय आणि लाज कसली! मनाने गोळी बंद करू नका, डॉक्टरला सांगा, त्यांच्याकडे दुसरी गोळी असते. आणि जे तुमच्यावर गुदरून गेलंय, ते शेजाऱ्यालाही सांगा. नोरबुता वर्षभर आधी बोलला असता, तर त्या दोघांना भर उन्हाळ्यात गोधड्या पांघरून बसावं लागलं नसतं.