झिऱ्यावरच्या चार सुना

बेत असा.

मुरबाडहून एसटीने पायथ्याला उतरू. ऊन चढायच्या आत सिद्धगडाच्या माचीवरच्या वाडीत पोचू. झिऱ्यावर कॅन भरू. दुसऱ्या दिवशी घाट चढून भीमाशंकरच्या रानात शिरू. मधे पाणी नाही, म्हणून प्रत्येकीच्या पाठीवर एक कॅन. संध्याकाळी रानातच खिचडी. तिसऱ्या दिवशी देवळापाशी निघू.

हा बेत प्रेमाचा. प्रेमा आरोग्य केंद्रात नर्स. बरोबर शिवणकाम करणारी नम्रता, अंगणवाडीतली जया आणि कॉलेजातली काजल. पुरुष कुणी नाही. नम्रताचे सासरे म्हणाले होते, "जा. पण अर्ध्यातून परत आलात, तर हे पहिलं आणि हेच शेवटचं." बाकीच्या तीन घरांनी तेच वाक्य उचललं.

बेत, थोडा खोडून.

खिचडी नाही. वनखात्याच्या कचेरीत परवानगीची चिठ्ठी मिळाली, शिक्काही बसला. पण जंगलात विस्तव पेटवायचा नाही, अशी अट. मग वाडीतच कुणाच्या चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या भाजून घेऊ. सोबत सुकटीची चटणी.

"सुकटीनं तहान लागेल," नम्रता म्हणाली.

"मग शेंगदाण्याची," प्रेमा म्हणाली.

"त्यानं नाही लागत?"

"तू गूळ-भाकरी खा आणि गप्प बस."

पाण्याची काळजी नव्हतीच. प्रेमाचा भाऊ जगदीश म्हणाला होता, झिरा तुडुंब असतो.

जगदीश दरवर्षी वर जातो तो वाघबारशीला. दिवाळीत. या निघाल्या होळी झाल्यावर, कारण चौघींना एकदम सुट्टी तेव्हाच. या दोन गोष्टी कुणीच शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

बेत, सगळाच खोडून.

वाडीतल्या जनाबाईने चूल दिली, तांब्याभर पाणी दिलं. काजलने कॅन पुढे केले तेव्हा ती हसली.

"पाहुन्यानं प्यावं. न्यायाचं नाय, गो."

"म्हणजे?"

"होळी पेटली का झिऱ्याला पाळ्या लागतात. आज या घराची, उद्या त्या घराची. ज्याची पाळी त्यानं भरायाचं. पाहुन्याला पाळी नसती."

"आमच्याकडे चिठ्ठी आहे," जया म्हणाली आणि लगेच ओशाळली.

"झिऱ्याला दाखव. वाचला तं बरा."

प्रेमा झिरा पाहून आली. खडकातला खड्डा, तळाशी हातभर पाणी, तेही दमादमानं पाझरणारं. ती अंगणात येऊन बसली. पाणी नाही तर घाट नाही. घाट नाही तर उद्या खाली उतरायचं आणि नम्रताच्या सासऱ्यांसमोर उभं राहायचं. पुढच्या वर्षी विचारायचंही नाही.

"तोंडं कशाला पाडता?" जनाबाई भाकरी उलटत म्हणाली. "उजाडता माजी पाळी हाय. सून गेली माहेराला बाळंतपनाला. माजा गुडघा खाली उतरू देत नाय. पानी तं मलापन भराया पायजे."

प्रेमा उठून चुलीजवळ आली.

"जी झिऱ्यात उतरली ती घरातली. आमचं असंच हाय. आधी माजे हंडे. मंग तुमचे डबे."

(इथे बेत नाही. इथे करवंटी आहे.)

उजाडताना नम्रता खड्ड्यात उतरली. शिवणयंत्रावर वाकून वाकून तिची पाठ कामाची झाली होती. करवंटीने पाणी उपसायचं, हंड्यात ओतायचं, पुन्हा पाझरेपर्यंत थांबायचं. ती दमली की जया, मग काजल, मग प्रेमा. वरून नवसूबाबा काठी टेकत आले. पाळ्यांवर देखरेख त्यांची.

"या कोन गो, जने?"

"माज्या सुना."

"पोर एक न् सुना चार?"

"कामाचा हाय पोर."

"न् तो कुठं हाय?"

"चार बायका झाल्यावं तुमी घरी थांबला असता?"

नवसूबाबा हसता हसता खोकले. खोकला थांबल्यावर गंभीर झाले, खड्ड्यात वाकून पाहिलं.

"तळ ढवळू नका," एवढंच म्हणाले आणि गेले.

जनाबाईचे हंडे भरले. मग कॅन. शेवटचा भरला तेव्हा काजल चिखलातच बसली आणि उगाच हसत सुटली. मग सगळ्याच.

बेत, होता तसाच, उशिरा.

घाट चढल्या. रानात गार भाकऱ्या खाल्ल्या. भीमाशंकरला एसटीडी बूथवरून नम्रताने घरी फोन लावला.

"पाणी मिळालं?" सासऱ्यांनी आधी हेच विचारलं.

"मिळालं, बाबा. पण त्यासाठी आणखी एक सासू करावी लागली."

मग सासऱ्यांचा आवाज एकदम खाली आला.

"हिच्यापेक्षा बरी आहे का?"

नम्रताला हसू आवरेना. रिसीव्हर प्रेमाने घेतला.

"काका, सगळ्या धडधाकट आहोत. पुढच्या वेळी दिवाळीनंतर जाऊ."

"जा," ते म्हणाले. "पण आधी त्या बाईंना विचारा."

प्रेमा बूथच्या पायरीवर बसली. पाठीवरचा कॅन हलवून पाहिला. आत अजून पाणी वाजत होतं. तिने झाकण उघडलं आणि उरलेलं सगळं तोंडावर ओतून घेतलं.