चार ठोके बाकी

हेस्टर पेल्की दिवसा रस्त्याच्या कामावर ‘थांबा’ आणि ‘हळू’ची पाटी धरते आणि महिन्यातून एका रविवारी दुपारी गावच्या हॉलमध्ये नाच पुकारते, म्हणजे पुढची चाल कोणती ते माइकवरून नाचणाऱ्यांना सांगते. दोन्ही कामं तिला एकच वाटतात. फरक इतकाच, की हॉलमधले लोक ऐकतात.

आजचा रविवार मात्र टांगणीला लागला होता. काँट्रा नाच म्हणजे फिडल नावाचं गावाकडचं व्हायोलिन, पियानो आणि समोरासमोर दोन रांगा, असं टार्बेल हिल गावात दीडशे वर्षं चालत आलेलं. हेस्टरने ऑक्टोबरपासून फिडलच्या जागी कॅलम नावाचा मुलगा आणि त्याचा लॅपटॉप बसवला होता. नाच तोच, रांगा त्याच, संगीत मात्र ढुम ढुम. ते पुढेही चालू ठेवायचं की बंद करायचं, यावर आज साडेतीनला मतदान होतं. हरली तर हेस्टरकडे फक्त पाटी उरणार होती.

विरोधात ऑरिन टेन्नी होता. वय एक्क्याऐंशी, हॉलचा अध्यक्ष आणि चाळीस वर्षं तिथला फिडलवाला. त्याची तक्रार एकच. नाच चौसष्ट ठोक्यांचा असतो, आणि फिडल दर सोळा ठोक्यांना सांगते की आता वळा. या यंत्राला शेंडा नाही की बुडखा नाही. इंजिन चालू ठेवून उभ्या केलेल्या ट्रॅक्टरसमोर नाचल्यासारखं वाटतं, असं तो बेकरीपासून पोस्टापर्यंत सगळ्यांना सांगून आला होता.

साडेतीन वाजले तेव्हा नाच ऐन भरात होता. दाराशी चिखलाने माखलेल्या बुटांचा ढीग पडला होता, टेबलावर मेपलच्या ‘पाय’चे, म्हणजे गोड सारण भरून भाजलेल्या पदार्थाचे, उरलेसुरले तुकडे होते आणि मतदानाचा अधिकार असलेले झाडून सगळे सभासद रांगेत घाम गाळत होते. (गेल्या दहा वर्षांत एकदा तरी घरून ‘पाय’ करून आणलेला माणूस सभासद. हा नियम कुणी केला ते कुणालाच आठवत नाही.) मतदान होईपर्यंत बाजूला बसायचं ठरवून आलेला ऑरिनही रांगेत होता, कारण चिटणीस लुएलाला जोडीदार नव्हता. तिने हात पुढे केला, आणि इथे नाचाला नाही म्हणणं म्हणजे चर्चमध्ये टोपी न काढण्याइतकं वाईट समजतात.

चारला गोधडीवाल्या बायकांना हॉल द्यायचा होता. नाच अर्धा थांबवायची पद्धत नव्हती. हेस्टरने माइक तोंडाशी धरला आणि तिच्या मते सगळ्यात सरळ होता तो मार्ग काढला.

“पुढच्या फेरीत लांब रांगा,” तिने पुकारलं. “बाजूने असाल ते पुढे. विरोधात असाल ते मागे.”

लांब रांगा म्हणजे दोन्ही रांगांनी हात धरून चार ठोके पुढे यायचं आणि चार ठोके मागे जायचं. फेरी आली. चाळीस माणसं हसतमुखाने चार ठोके पुढे आली. मग तितक्याच हसतमुखाने चार ठोके मागे गेली.

रांगेच्या टोकाला एक जोडी एक फेरी बाहेर थांबते. या वेळी ती ऑरिन आणि लुएलाची होती. लुएलाने खिशातून वही काढून मोजलं.

“बाजूने चाळीस,” ती म्हणाली. “विरोधात चाळीस. तीच माणसं आहेत.”

“ऑरिन, तुमचं मत?” हेस्टरने विचारलं.

“मी आत्ता नाचाबाहेर आहे, पोरी. बाहेरच्या माणसाला मत नसतं.”

नेमकं तेव्हा कॅलमने लॅपटॉपवरच्या संगीतातून ढोलाचा आवाज काढून टाकला. तो दर दुपारी एकदा असं करतो, डोळे मिटून. उरली एक लांब गुणगुण. ठोका कुठे आहे, नाचाचं तोंड कुठे आहे, काही कळेना. सहा महिने हेस्टर याच क्षणाला घाबरायची. इथे चुकलं की चाळीस माणसं एकमेकांच्या कोपरात शिरतात. तिचा आकडा सव्वीसवर अडकला, की सत्तावीसवर?

तेवढ्यात तिची नजर ऑरिनच्या पायावर गेली. टाच जमिनीवर पडत होती. सावकाश आणि बिनचूक. दर सोळाव्याला जरा जोरात.

ज्या यंत्राला शेंडा-बुडखा नाही, त्याचा बुडखा म्हाताऱ्याला पाठ होता.

तिने त्या टाचेवरून मोजायला सुरुवात केली. फेरी संपली, ऑरिन लुएलाचा हात धरून आत शिरला आणि खाली टोकाला दुसरी जोडी बाहेर पडून टेबलावरचा ‘पाय’ खाऊ लागली. हेस्टरने माइक डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताने स्पीकरची वायर धरली.

“मतदान पुन्हा. लांब रांगा, पुढे.”

एक, दोन, तीन, चार. दोन्ही रांगा हात धरून मध्यभागी आल्या आणि हेस्टरने वायर उपटली.

हॉल चिडीचूप झाला. संगीत थांबलं की जागेवर थांबायचं, हे इथे पाळण्यात शिकवतात. चाळीस माणसं नाकासमोर नाक ठेवून उभी राहिली, त्यांत अध्यक्ष ऑरिन टेन्नीही होता. आणखी आठ-दहा ठोक्यांनंतर कॅलमने डोळे उघडले.

“बाजूने चाळीस,” लुएला म्हणाली. “विरोधात कुणी नाही. दोघं खातायत.”

ऑरिनने हेस्टरकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर राग होता की दुसरं काही, ते त्या दाढीतून कळायला मार्ग नव्हता.

“तू चार ठोके आधी थांबवलंस.”

“तुम्ही मोजत होतात?”

ऑरिन लुएलाकडे वळला आणि अध्यक्षांच्या आवाजात म्हणाला, “लिहा. मागे जायचे चार ठोके बाकी आहेत. या हॉलमध्ये नाच अर्धा टाकलेला नाही. पुढच्या महिन्यात इथूनच पुढे, याच यंत्रावर.”

“आणि मागे गेल्यावर विरोध धरायचा का?” लुएलाने विचारलं.

“ते तेव्हा बघू. नाच किती फेऱ्यांचा आहे, ते पुकारणारीनं ठरवायचं असतं.”

चारला गोधडीवाल्या बायका आल्या. हॉलच्या मध्यभागी ऑरिन अजून लुएलाचा हात धरून, एक पाय किंचित पुढे टाकून उभा होता. बायका त्याला वळसा घालून आत गेल्या.