कढीपत्त्यावरची शेवटची अळी

मित्रांनो, मला बादली म्हणू नका. बादलीला न्हाणीघरात मान असतो, मला तोही नव्हता. मी रंगाचा प्लॅस्टिकचा डबा, जुना, कडी तुटलेला. कोपर स्टेशनजवळच्या एका शाळेच्या भिंती पिवळ्या करायला मला शीळफाट्याच्या दुकानातून आणलं, तेव्हा माझा काय थाट होता! भिंती रंगल्या, बघणाऱ्यांनी भिंतींची वाहवा केली आणि मला जिन्याखाली ढकललं. गरज सरो, वैद्य मरो! पुढे माझ्यात खराटे राहिले, मोडक्या छत्र्या राहिल्या. एकदा तर एक उंदरीण बाळंत झाली. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तिने निदान मला घर मानलं.

मग विज्ञानाच्या शालनबाईंनी शाळेत निसर्ग मंडळ काढलं. त्यांनी तापवलेल्या स्क्रू ड्रायव्हरने माझ्या बुडाला भोकं पाडली. दुखलं का म्हणता? अहो, जीव गेला! पण त्यांनी माझ्यात माती भरली, कढीपत्ता लावला आणि मला मागच्या अंगणात उन्हात ठेवलं.

"फुलपाखराला फूल लागतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं," बाई मुलांना म्हणाल्या. "पण त्याच्या पिल्लांना पान लागतं, आणि तेही ठरावीक झाडाचं. आपण पान लावू आणि वाट बघू."

वाट बघून मुलं कंटाळली. एके दिवशी पांढऱ्या ठिपक्यांचं काळं फुलपाखरू आलं, शेपूट वाकवून कोवळ्या पानांवर राजगिऱ्याएवढी पिवळी अंडी घालून गेलं. भिंगातून ती बघायला मुलांची नुसती झुंबड उडाली. मीही फुगलो, खोटं का बोलू?

त्या आठवड्यात सहावीतली अंतरा तापाने घरी होती. पोर गुणी, पण भारी टापटिपीची. तिची आई गॅलरीतल्या कुंड्यांची पानंसुद्धा ओल्या फडक्याने पुसते, तेच वळण लेकीला. बरी होऊन ती आली तो पाणी घालायची पाळी तिचीच. पानांवर काळेपांढरे, ओलसर ठिपके दिसले.

"ई! चिमण्यांनी काय शी करून ठेवलीय!"

तिने रुमाल भिजवला आणि एकेक पान पुसायला घेतलं. अगं बाई, थांब, थांब! मी मनात ओरडलो. पण ज्याचं तोंडच मातीने भरलंय, तो ओरडणार कसा? पानं चकाचक झाली. अंतरा बाईंना हाताला धरून घेऊन आली, शाबासकी घ्यायला. मागून मंडळाचा रत्नदीप धावत आला आणि त्याने डोक्याला हातच लावला.

"अगं, ती शी नव्हती! अळ्या होत्या! लहान असताना त्या तशाच दिसतात, पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून!"

"मी तर साफ केलेलं..." अंतरा रडत रडत रुमाल पाठीमागे लपवायला लागली.

बाई रागावल्या नाहीत. "तू नव्हतीस तेव्हा काय झालं, ते तुला सांगायला हवं होतं. ते माझं चुकलं. आता रडू नकोस. भिंग घे आणि प्रत्येक पान उलटून बघ."

अगदी खालच्या पानामागे एक उरली होती. अंतराने भिंग लावलं. "बाई, ही खातेय!"

त्या दिवसापासून मधली सुट्टी झाली की अंतरा माझ्याशेजारी उकिडवी. अळी हिरवीगार झाली, गुबगुबीत झाली. रत्नदीपने काडी लावली तेव्हा तिने लाल शिंगं बाहेर काढली. अंतरा किंचाळली, पण जागची हलली नाही. काडी मात्र तिने मोडून टाकली.

एकदा कँटीनच्या हौसाबाई आल्या. "सरक गं, पोह्यांना कढीपत्ता हवाय."

"मावशी, नको ना! ही शेवटची आहे. बाकीच्या मी पुसून टाकल्या."

"एका किड्यापायी सगळ्या शाळेने फिके पोहे खायचे होय?"

"मी खाईन ना फिके! रोज खाईन!"

हौसाबाईंनी तिच्याकडे बघितलं, भिंग घेतलं आणि एक डोळा मिटून वाकल्या. "अगं बया! हिला तोंड आहे की गं!" त्या बाजारात गेल्या आणि कढीपत्त्याची जुडी घेऊन आल्या. पदराची लाल किनार फाडून माझ्या मोडक्या कानाला बांधली, दुसऱ्या कुणी हात लावू नये म्हणून. एवढा मान मला रंग असतानाही मिळाला नव्हता.

अळीने फांदीला स्वतःला धाग्याने बांधून घेतलं आणि कोष केला. तेवढ्यात दिवाळीची सुट्टी लागली. सुट्टीतल्या एका सकाळी कोष उकलला. चुरगळलेले ओले पंख बाहेर आले आणि ती माझ्या काठावर येऊन बसली, वाळायला. माझ्या काठावर! शाळेत चिटपाखरू नव्हतं. बघायला एकटा मी. पंख वाळले आणि ती भिंतीवरून निघून गेली.

शाळा उघडली. अंतरा धावत आली तर फांदीला नुसतं फाटकं टरफल. "मेली! हीपण मेली, बाई!" ती हुंदके द्यायला लागली. सगळं माहीत असून सांगता येत नाही, याच्याएवढं दुःख नाही हो.

बाईंनी तिच्या हातात भिंग दिलं. "आधी बघ. बाहेरून फोडलंय की आतून उघडलंय?"

अंतराने डोळे पुसले आणि बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. "आतून," ती हळूच म्हणाली. "पण मला न भेटताच गेली."

"तुला भेटायला थोडीच जन्मली होती ती?"

अंतरा रडता रडताच हसली.

आता माझ्या बुडाला तडा गेलाय आणि भोकांतून मुळं जमिनीत शिरलीत. एक दिवस मला कापून काढतील. कापू देत, पण कढीपत्ता राहू दे. काल पाचवीतल्या एका मुलाने ओला रुमाल काढला, तर अंतराने त्याचा हात धरला आणि भिंग पुढे केलं.

तेवढंच करा, मित्रांनो. पानावरचा डाग असो की जिन्याखालचा डबा, पुसण्याआधी, फेकण्याआधी एकदा उलटून बघा. आत कुणीतरी राहत असेल.