मुकं विमान

"लहान विमानाचा आवाज येतोय का, पप्पा?"

"त्याचा येतोय की! मोठंच मुकं हाय."

"म्हणजे स्पीकर ठीक, साउंड कार्डही ठीक. दोष खेळातल्या त्या मोठ्या विमानातच आहे," अमेरिकेतून जॉन म्हणाला. इकडे भिंगारमध्ये योसेफ मिस्त्रींनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला. चर्चची घंटा होऊन गेली होती. उपासनेला उशीर होणार होता, आणि म्हाताऱ्याला त्याचं कोण कौतुक! उशिरा जायचं, मागच्या बाकावर बसायचं, आणि कुणी वळून पाहिलं की हळूच सांगायचं, "जॉनचा फोन होता. सोडतच नव्हता."

जॉनची आई मरिया वारल्यापासून रविवारचा फोन म्हणजे नुसती हजेरी झाली होती. जेवलात का, गोळ्या घेता का, बरं मग ठेवू? मिस्त्रींकडे तरी सांगायला काय होतं? नळाला पाणी कमी येतंय, हे काय अमेरिकेला सांगायचं? सन दोन हजार उजाडलं की जगातले कॉम्प्युटर बिघडणार, अशी तेव्हा आवई उठली होती. ती दुरुस्ती करायला जॉन तिकडे गेला. त्याचा जुना कॉम्प्युटर आणि त्यातला विमान उडवायचा खेळ तेवढा घरात राहिला.

मग मित्राच्या हाती त्यानं एक सीडी धाडली. "मी ज्या जंबोतनं आलो ना पप्पा, तेच विमान. खेळात वरून घाला." विमानतळावर मिस्त्रींना काचेअलीकडे उभं केलं होतं, पोरगं घेऊन गेलेलं विमान ना दिसलं, ना ऐकू आलं. म्हणून मोठ्या हौसेनं त्यांनी ते घातलं. विमान धावलं, उडालं, पण हूं नाही की चूं नाही.

पण ते मुकं निघालं हे मिस्त्रींच्या पथ्यावरच पडलं. फोन लांबायला लागले. वायर बघा, आवाजाची पट्टी वर करा, खेळ बंद करून परत लावा. तासभर बापलेक बोलत होते हो!

"आता त्या मोठ्या विमानाचं फोल्डर उघडा," जॉन आज फोनवर पुढे सांगत होता. "साउंड नावाचं दिसतंय? आत काय आहे?"

"काहीच न्हाई. मोकळं हाय."

"तेच तर! लहान विमानाचे आवाज त्यात टाका, म्हणजे—" आणि लाइन कटली.

मिस्त्रींचा जन्म लष्कराच्या गाड्या दुरुस्त करण्यात गेलेला. वर्कशॉपची रीतच अशी, की नवा पार्ट आला नाही तर उभ्या गाडीचा काढायचा आणि जाणाऱ्या गाडीला बसवायचा. त्यांनी तेच केलं. लहान विमानाच्या फोल्डरातलं सगळं माऊसनं धरलं आणि ओढत नेऊन मोठ्यात सोडलं. खेळ लावला, आणि जंबो जे धडधडलं म्हणता! आवाज छोट्या इंजिनाचा, पण मिस्त्रींना काय त्याचं! जॉन ह्यातनंच गेला. ते ऐकत बसले, आणि डोळे भरून आले.

शेजारची झुंबरबाई दारात येऊन उभी राहिली. "काय ओ मिस्त्री, गिरनी घातली का काय घरात?"

"इमान हाय, झुंबरबाई! जॉनचं."

"व्हय का? मंग जरा हळू उडवा. नातू झोपलाय."

मग त्यांनी लहान विमान लावून पाहिलं. ते ठार मुकं. मिस्त्री खुशीत हसले. चला, पुढच्या रविवारची सोय झाली! भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना आठवडाभर ते मनाशी घोकत होते, जॉनला हे कसं सांगायचं, आधी काय, मग काय.

रविवारी फोन आला.

"मोठ्याला आला आवाज. पन लहान्याचा गेला."

पलीकडे जॉन खो-खो हसला. आई गेल्यावर पहिल्यांदाच. "अहो पप्पा, काढून नाही न्यायचं! कॉपी करायचं. मूळचं जागेवर राहतं."

"राहतं? दोन्हीकडं?"

"हवं तितक्या विमानांत घाला! मी सांगतो तसं करा." आणि त्यानं करवून घेतलं. मोठं वाजलं, लहानही वाजलं.

"सुटलं एकदाचं! आता काही अडचण नाही ना?"

"न्हाई," मिस्त्री म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"छान. गोळ्या घेताय ना? बरं मग, ठेवू?"

त्या रविवारी मिस्त्री उपासनेला सगळ्यांच्या आधी पोचले. चर्चचा शिपाई बाकं पुसत होता.

"आज लौकर?" त्यानं विचारलं.

"व्हय," म्हणून मिस्त्री रिकाम्या बाकांत बसून राहिले.

सोमवारी सकाळी त्यांनी कॉम्प्युटर लावला. बंद गाडी चालू करण्यात त्यांची हयात गेली होती. चालू गाडी बिघडवायचं पाप त्या हातांनी कधी केलं नव्हतं. त्यांनी मोठ्या विमानाचं फोल्डर उघडलं, आतले सगळे आवाज पुसून टाकले आणि खेळ लावला. जंबो धावपट्टीवरून निघालं आणि आवाज न करता वर गेलं.

"जॉन, अरे परत गेला बघ आवाज," मिस्त्री मोठ्यानं म्हणाले. जरा खोटं वाटलं. त्यांनी घसा साफ केला आणि परत म्हणून पाहिलं.