जादा खुंटीची कुपी

ती रसायनतज्ज्ञ, आणि सहा वर्षं एकाच भेगेच्या मागे. पेशींची बेसुमार वाढ रोखणारं एक प्रथिन असतं; काही गाठींमध्ये त्याला भेग पडते आणि ते ढेपाळतं. त्या भेगेत चपखल बसून प्रथिनाला पुन्हा उभं करणारा रेणू तिने घडवला होता. प्रयोगशाळेत सगळे त्याला 'पाचर' म्हणत. पाचरीने गाठीच्या पेशी मरत होत्या. तिच्या दादाच्या गाठीत नेमकी हीच भेग होती, आणि पाचर माणसांवर तपासायची की नाही, हे आज दुपारच्या बैठकीत ठरणार होतं.

घोळ तिनेच घातला होता. कुणी सांगितलं नसताना तिने पाचरीचं खोटं भावंड बनवलं. सगळं तेच, फक्त अणूंची एक खुंटी जादा, म्हणजे भेगेत शिरताच येऊ नये. त्याने काहीच व्हायला नको होतं. सकाळी पाहिलं, तर ते घातलेल्या गाठीच्या पेशीही मेलेल्या.

कुप्यांची अदलाबदल झाली असणार म्हणून तिने दोन्ही रेणूंचं वजन यंत्रावर तपासलं. मग पुन्हा. तिसऱ्यांदा यंत्रावरचा माणूस म्हणाला, "बाई, शंका यंत्राला नाही, तुम्हाला आहे." कुप्या बरोबर होत्या. मग पेशी मारतंय कोण?

बैठकीत तिने आधी खोट्या भावंडाचाच आलेख लावला. हे करायला कुणी सांगितलं होतं, असं साहेबांनी विचारलं. कुणीच नाही, ती म्हणाली. निर्णय लांबणीवर पडला.

जिन्यात उभं राहून तिने दादाला फोनवर सगळं सांगितलं.

"म्हणजे खरी चालते आणि खोटीही चालते?"

"हो."

"मग मला खोटीच दे की."

ती हसली, आणि मग समजावू लागली. निरोगी पेशी पाचर घालूनही चार दिवस तगल्या होत्या. त्यांच्यात भेगच नाही, म्हणून पुढे कुणी मोजलं नव्हतं. पण मारणारी गोष्ट भेगेशी संबंधितच नसेल, तर निरोगी पेशीही उशिरा का होईना... इथे तिचंच बोलणं अडकलं.

"तुला तरी कळलंय का?"

"नाही रे."

"मग आधी ते बघ. मी कुठे पळून चाललोय?"

तिने वर जाऊन निरोगी पेशींची प्लेट घेतली. एका रांगेत पाचर, दुसऱ्या रांगेत खोटं भावंड, तिसऱ्या रांगेत नुसतं द्रावण. मुदत दहा दिवस. चिठ्ठ्या चिकटवताना तिचा हात थांबला. खोट्या भावंडाने याही पेशी मेल्या तर ते नुसतं विष ठरेल आणि पाचर कदाचित खरी उरेल; जगल्या तर दादाला देता येईल असं काहीतरी हाती असेल, पण सहा वर्षांची भेग खोटी ठरेल. दुसऱ्या रांगेतल्या पेशी जगाव्यात की मराव्यात, यातलं आपल्याला काय हवंय, हे तिला काही केल्या ठरवता येईना.