डाव्या नडगीवरचा पाइप

मी एक पाइपाचा तुकडा बोलतोय. हसू नका. सांडपाण्याच्या जाड प्लास्टिक पाइपाचा, वीतभर लांब, मधोमध तडा गेलेला. फुटबॉल खेळणारे नडगीला मार लागू नये म्हणून मोज्याच्या आत जे पॅड घालतात ना, ते म्हणजे मी. दहा वर्षं मी एकाच माणसाच्या डाव्या पायावर काढली. त्यातली सहा परदेशात.

मला घडवलं त्याच्या बाबांनी. बाबा प्लंबर. पोरगा तेव्हा पंधरा वर्षांचा, शाळेच्या संघात बचावाला खेळायचा. समोरच्याला असा चिकटायचा की सगळे त्याला ‘खिळा’ म्हणत. नडग्या कायम काळ्यानिळ्या. एका रविवारी बाबांनी कामावरून उरलेला पाइप कापला, उकळत्या पाण्यात मऊ केला आणि ओला टॉवेल गुंडाळलेल्या त्याच्या पायावर दाबून धरला.

“भाजतंय, बाबा!”

“भाजू दे. हललास तर माप चुकेल, मग मैदानात बोंबलशील.”

त्याच्या ताईनं आतून जुन्या स्वेटरचं अस्तर शिवलं. उजव्या पायासाठीही असाच एक केला होता, पण तो वर्षभरात कुठे हरवला कोण जाणे. मी मात्र टिकलो.

एकोणिसाव्या वर्षी एका एजंटनं खिळ्याला परदेशातल्या एका क्लबमध्ये नेलं. तिथं कपडे-बूट सांभाळणारा म्हातारा मला बघून खो खो हसला. “हे काय रे? घरचा नळ काढून आणलास?” त्यानं हलकी, चकचकीत पॅड दिली. खिळ्यानं उजव्या पायाला त्यातलं एक घातलं, पण डाव्याला मीच. दुसरी घसरतात म्हणाला. खरं तर घसरत नव्हती.

पहिली दोन वर्षं आम्ही राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून काढली. बाकावरच्या माणसाचा पाय सारखा हलत असतो. मैदानातल्यापेक्षा तोच जास्त दमतो. तिसऱ्या वर्षी कोणीतरी जखमी झालं, खिळा आत गेला आणि मग बाहेर आलाच नाही. दर रविवारी बाबांचा फोन.

“किती मिनिटं खेळलास?”

“पूर्ण नव्वद.”

“आणि पाइप?”

“ठणठणीत!”

ताई सांगायची, बाबा लोकांच्या बेसिनखाली डोकं घालूनही हेच सांगत असतात. घरमालकीण म्हणते नळाचं बोला, हे म्हणतात पोराचं ऐका.

सहाव्या वर्षी पाय दुखू लागला. मला इतरांच्या आधी कळलं. माझ्याखालचं हाड एका जागी सारखं गरम असायचं. क्लबच्या डॉक्टरांनी फोटो काढला. केसाएवढी चीर.

“तीन महिने खेळायचं नाही,” डॉक्टर म्हणाले.

“माझा करार तीन महिन्यांनी संपतोय,” खिळा म्हणाला. “बसून राहिलो तर मला ठेवणार कोण? काहीतरी द्या. दुखायचं थांबेल असं.”

डॉक्टरांनी प्रशिक्षकाकडे पाहिलं. प्रशिक्षक खिडकीबाहेर बघत म्हणाला, “तूच ठरव.”

माणसांना तुमच्याकडून काम हवं असतं आणि जबाबदारी नको असते, तेव्हा ती असं म्हणतात. ते मी तिथं शिकलो.

सात सामने इंजेक्शन घेऊन झाले. आठव्या सामन्यात चेंडूमागे धावायला खिळा वळला. जवळ कोणीही नव्हतं. मी तो आवाज ऐकला. वाळकी फांदी मोडावी तसा. खिळा कोसळला आणि मागून धावत येणारा खेळाडू अडखळून त्याच्यावर पडला. त्याचा गुडघा माझ्यावर आदळला आणि मला तडा गेला. पण पाय त्याआधीच मोडला होता. बाहेरचा मार अडवायला मी होतो. हे आतून तुटलं, त्याला मी काय करणार?

दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकानं पत्रकारांना सांगितलं, “पोरगा घरी केलेलं प्लास्टिक घालायचा. कितीदा सांगितलं त्याला.” पेपरात माझा फोटो छापून आला. तडा अगदी स्पष्ट दिसत होता.

हॉस्पिटलात ताईचा फोन आला. “बाबा कालपासून जेवले नाहीत. माझ्याच पाइपानं पोराचा घात केला, एवढंच चाललंय. तू बोल ना त्यांच्याशी.”

खिळ्यानं फोन कानाला लावला. “बाबा, तसं काही नाहीये.”

“मग कसं आहे?”

 सकाळीच क्लबचे डॉक्टर खिळ्याला सांगून गेले होते, इंजेक्शनचं बाहेर फुटलं तर दुसरा कुठलाच क्लब तुला दारात उभं करणार नाही.

“लागतं कधी कधी,” तो म्हणाला. “नशीब.”

दुसरा क्लब मिळालाच नाही. मोडलेल्या हाडात सळई बसवलेल्या पायानं त्यानं दोन ठिकाणी चाचणी दिली. एका ठिकाणी वीस मिनिटांत बाहेर बोलावलं, दुसऱ्या ठिकाणी दहा. मग तो घरी आला आणि एका गोदामात लागला, आलेला माल तपासायला. आता लपवायचं कारणच उरलं नव्हतं. तरी तो बोलला नाही. आज सांगू, उद्या सांगू, करता करता चार वर्षं गेली.

बाबांनी मला आपल्याजवळ ठेवून घेतलं होतं. चहाच्या वेळी मला टेबलावर घेऊन अंगठ्यानं दाबून बघायचे. “जाडी कमी पडली. घाई केली मी.” समोर बसलेला खिळा कपात बघत राहायचा.

मग बाबांच्या किडन्या निकामी झाल्या. एका दुपारी त्यांच्या खाटेशेजारी बसून खिळ्यानं सगळं सांगितलं. चीर, डॉक्टर, सात इंजेक्शनं. रडला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्याचा हात थोपटला.

“किती करशील रे माझ्यासाठी! जाताना म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून एवढं रचलंस?”

“नाही बाबा, शपथ. खरंच सांगतोय.”

“राहू दे. पाइप मला कळतो.”

आठव्या दिवशी ते गेले. ताईला खरं कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “चार वर्षं बघत बसलास?” त्यानंतर ती कामापुरतंच बोलते.

वाचकहो, तुमच्या घरात कोणी तुमच्या चुकीचा दोष स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसलं असेल, तर आजच सांगा. फार उशिरा सांगितलेलं खरं समजूत घातल्यासारखं ऐकू येतं. माझ्या माणसाला हे सांगून आता उपयोग नाही. तुम्हाला सांगून होईल का, तेही मला माहीत नाही.

आज घर रिकामं करणं चाललंय. खिळ्यानं मला हातात घेतलं, तड्यावरून बोट फिरवलं आणि टाकायच्या खोक्यात ठेवलं. वर जुने पेपर रचले. येतो मी. मला टाकून तो सुटेल असं मात्र नाही. आतून मोडलेला तो पाय त्याच्याबरोबरच जाणार आहे.