तुळशीतला वडा

यशोदाबाईंनी केळीचं पान परसातल्या भिंतीवर ठेवलं, वडा जरा पुढं सरकवला आणि मागं सरून हात जोडले. लिंबावरचे कावळे खाली झेपावले. तोच ओसरीवरच्या पिंजऱ्यातून ससाण्याची चिरकी शीळ उठली. कावळे पांगले.

सर्वपित्रीची दुपार कलली होती. तिसऱ्यांदा असंच झालं.

दूध घालायला आलेली काशम्मा हसली.

"बाई, तुमचा पाव्हना ससाण्यावानी वरडतोय की. कावळं येतील कसं हितं?"

"नकला करतो तो," मुकुंदराव म्हणाले. यशोदाबाईंचे यजमान शाळेत सृष्टिशास्त्र शिकवत. "तसा कावळ्याच्याच कुळातला आहे हा."

"कूळ असेल," यशोदाबाई म्हणाल्या. "मान कावळ्याचा."

त्यांचा मुलगा शरच्चंद्र कुमाऊंकडं जंगलखात्यात होता. फाल्गुनात तापानं गेला. त्याच्या ट्रंकेबरोबर त्यानं पाळलेला हा पक्षी घरी आला: तांबूस अंग, काळ्या मिशा, पंखावर निळ्या-काळ्या बारीक पट्ट्या. शेवटच्या खेपेला मायलेकांत शब्दानं शब्द वाढला आणि तो भरल्या पानावरून उठून गेला. आज त्याचा घास पोचल्याशिवाय यशोदाबाई तोंडात पाणी घालणार नव्हत्या.

"पिंजरा उघडा," त्या म्हणाल्या.

"अगं, उडून जाईल. त्याची एवढीच तर खूण…"

"जाऊ दे. पण त्याला जेवू दे."

मुकुंदरावांनी दार उघडलं. पक्षी टुणटुणत बाहेर आला, भिंतीवर गेला, वडा उचलला. खाल्ला मात्र नाही. तुळशीवृंदावनात उतरून चोचीनं माती उकरली, वडा खोचला, वर वाळकं पान ठेवलं. मग लिंबावरून कौलांपलीकडं दिसेनासा झाला.

"खाल्ला नाही हो."

"पुरून ठेवतात ते. तिकडं बांज म्हणून ओकाचं झाड असतं, त्याची फळं अशीच शेकड्यांनी पुरतात. हिवाळ्यात येऊन काढतात."

"जागा ध्यानात राहते?"

"राहते."

तेवढ्यात एक कावळा वृंदावनावर उतरला. मान तिरकी करून त्यानं वाळकं पान बाजूला ओढलं.

"शिवतोय, बाई, शिवतोय!" काशम्मा कुजबुजली.

"हाड! हाड मेल्या!"

यशोदाबाईंचा आवाज एरवी ओसरीपर्यंतही पोचत नसे. कावळा उडाला. त्यांनी वाकून पान पुन्हा होतं तसं ठेवलं, माती हलकेच दाबली आणि पदराला हात पुसले.

"चला," त्या म्हणाल्या, "पानं घेते."